683 किमी म्हणजे नेमकी किती मिनिटं?

रामदासपेठेत राहिलं की सायरनची सवय होते, पावलोपावली हॉस्पिटलच. पण कधीकधी इथल्या एखाद्या हॉस्पिटलपासून विमानतळापर्यंतचे सगळे सिग्नल मोकळे केले जातात. ग्रीन कॉरिडॉर. दान मिळालेलं हृदय दुसऱ्या शहरात पोचवायचं असतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण याच प्रवासावर आहे, आणि त्याच्या पहिल्या मसुद्यात मी मोठा घोळ घातला होता.

नागपूर-मुंबईची वेळ मी अशी काढली: सोनेगावचा विमानतळ 21.09 उत्तर, 79.05 पूर्व, मुंबईचा 19.09 आणि 72.87. अक्षांशातला फरक 2 अंश, अंशाला 111 किमी, झाले 222. रेखांशातला फरक 6.18 अंश. पण रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे अंशाला 104.5 किमीच धरायचे; झाले 646. पायथागोरस लावा, 683 किमी. (एवढ्या अंतराला हे चालतं. दिल्ली-लंडन असेल तर हॅव्हरसाइन सूत्रच वापरा.) ताशी 800 किमीने भागलं, 51 मिनिटं. टेबल तयार!

गाइडनी पान बघितलं आणि विचारलं, "विमान गेटपासूनच 800 नं उडून राहिलं का?"

वेळापत्रकात याच प्रवासाला दीड तास किंवा थोडा जास्तच असतो. तो 'ब्लॉक टाइम': विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, सरळ रेषेत नसलेला हवाई मार्ग, आणि मुंबईवरची रांग हे सगळं आलं. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. शिवाय वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारा असतो. तो समजा ताशी 100 किमी धरला, तर जाताना 58 मिनिटं लागतात आणि येताना 46. अंतर तेवढंच!

आता हृदयाकडे या. त्याचा रक्तपुरवठा थांबल्यापासून तो पुन्हा सुरू होईपर्यंत साधारण 4 तासच हाताशी असतात. म्हणजे हे घड्याळ विमानतळावर नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये सुरू होतं आणि दुसऱ्या थिएटरमध्येच थांबतं. माझ्या 51 मिनिटांनी कागदावर तीन तास शिल्लक दाखवले होते. दीड तास धरला तर अडीचच उरतात, आणि त्यात दोन्हीकडचे रस्ते, लिफ्ट आणि शस्त्रक्रिया बसवायची. चार्टर विमान असेल तर आकडे बदलतील, पण घड्याळ कुठे सुरू होतं ते बदलत नाही.

हा प्रश्न मी मसुदा लिहिण्याआधी विचारायला हवा होता. तुमच्या विषयात घड्याळ नसेल, 'उत्पन्न' किंवा 'शाळेत हजर' असेल, तरी मोजणी कुठून कुठपर्यंत हे प्रस्तावातच लिहून टाका.

माझ्या टेबलात आता तीन रकाने आहेत: अंतर, ब्लॉक टाइम, थिएटर ते थिएटर. तिसरा बराचसा रिकामा आहे. तो घरी बसून भरता येत नाही.