जोन ऑफ आर्क हिचा मूकपट

चित्रपट पाहून डोळे भरून येणें यांत नवल नाहीं. करुण गाणें, मायलेकरांची ताटातूट, एवढें जमलें कीं प्रेक्षकांच्या हातीं रुमाल येतोच. परंतु ज्या चित्रपटांत आवाज नाहीं, रंग नाहीं, देखावाही फारसा नाहीं, त्यानें काळीज कां हलावें? कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकानें १९२८ सालीं फ्रान्समध्यें काढलेला ‘जोन ऑफ आर्कचें दुःखसहन’ हा मूकपट तसा आहे.

जोन ही फ्रान्समधील शेतकऱ्याची मुलगी. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच सैन्यास तिनें धीर दिला. पुढें ती शत्रूच्या हातीं सांपडली, व ३० मे १४३१ रोजीं, वयाच्या सुमारें एकोणिसाव्या वर्षीं, रुआं शहरीं तिला जिवंत जाळण्यांत आलें. चित्रपटांत लढाया नाहींत. खटल्याच्या मूळ कागदपत्रांच्या आधारें ड्रायरनें चौकशी व मृत्यु एवढेंच दाखविलें आहे.

कॅमेरा चेहऱ्याच्या अगदीं निकट नेला आहे. नटांच्या तोंडास रंग लावलेला नाहीं. सुरकुत्या, चामखिळी, अश्रु, सारें जसेंच्या तसें दिसतें. जोनचें काम करणाऱ्या रेने फाल्कोनेटी या अभिनेत्रीचे केस कॅमेऱ्यासमोर खरोखरच कापले गेले. पाहतां पाहतां आपण तिच्या समोरच्या बाकावर बसलों आहों असें वाटूं लागतें. आणि तें बाक तर न्यायाधीशांचें!

तुझ्यावर देवाची कृपा आहे काय, असें तिला विचारतात. होय म्हणावें तर गर्व, नाहीं म्हणावें तर अपराधाची कबुली. ती उत्तर देते कीं, कृपा नसेल तर देवानें ती द्यावी, असेल तर राखावी. हा पेंच घालणारे कोणी रानटी लोक नव्हते. शास्त्र शिकलेले धर्मगुरु होते. आम्हां ख्रिस्ती लोकांस हें पाहणें जड जातें, तरी तोंड फिरवूं नये. १४५६ सालीं तो निवाडा रद्द झाला, १९२० सालीं रोमन मंडळीनें तिला संत ठरविलें. जळालेली मुलगी मात्र परत आली नाहीं. (शेवटचा भाग लहान मुलांस दाखवूं नये; मोठ्यांनीं आईबापांजवळ बसून पाहावा.)

चित्रपटासही आगीनें सोडलें नाहीं. फ्रान्समध्यें त्यास कात्री लागली होतीच. मूळ निगेटिव्ह १९२८ सालींच बर्लिन येथें जळालें. ड्रायरनें उरलेल्या चित्रणांतून दुसरी आवृत्ति जुळविली. पुढें १९८१ सालीं नॉर्वेंत, ऑस्लोनजीकच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटांत, मूळ रूपाची एक प्रत सांपडली. आज आपण जोनचा चेहरा पाहतों तो त्या प्रतीमुळें.