‘जीफोन’ची हूल

२००७ च्या जूनअखेर अमेरिकेत आयफोनसाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि पाठोपाठ न दिसलेल्या एका फोनची चर्चा रंगली. गूगल म्हणे फोन काढतंय! लोकांनी त्याचं बारसंही परस्पर उरकलं: ‘जीफोन’. कल्पनाचित्रं फिरू लागली. जाहिराती पाहिल्या की बोलणं फुकट, इथपर्यंत काहींची मजल गेली. गूगलचे प्रमुख एरिक श्मिट तेव्हा ॲपलच्या संचालक मंडळावर बसत होते, त्यामुळे चर्चेला फोडणी आयतीच मिळाली.

धूर अगदीच आगीशिवाय नव्हता. अँडी रुबिन यांची ‘अँड्रॉइड’ ही छोटी कंपनी गूगलने २००५ मध्येच विकत घेतली होती. पण फोनच्या आकारावर खल करणाऱ्यांनी खरं तर रेडिओलहरींच्या लिलावाकडे पाहायला हवं होतं.

अमेरिकेत ॲनालॉग टीव्ही बंद व्हायचा होता आणि त्याने अडवलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा होणार होता. या लहरींची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर. तिथल्या मोबाइलसाठी वापरात असलेल्या १९०० मेगाहर्ट्झच्या लहरींची जेमतेम १६. कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर पोचतात, भिंतींतून आत शिरताना कमी क्षीण होतात. साहजिकच तेवढ्याच परिसराला कमी टॉवर पुरतात. म्हणून हा पट्टा सोन्याच्या भावाने जातो. (आपल्याकडे भाव इतका चढा ठेवला होता की २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत त्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही, २०२२ मध्ये तो जिओने घेतला.)

जुलै २००७ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या या पट्ट्याच्या एका भागासाठी किमान ४.६ अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली, पण अटी घालून. त्यावर उभ्या राहणाऱ्या मोबाइल जाळ्यावर कुठलाही फोन आणि कुठलंही सॉफ्टवेअर चाललं पाहिजे, या दोन अटी सरकारी नियामकाने मान्य केल्या. पुढच्या वर्षी बोली राखीव किमतीच्या वर जाईपर्यंत गूगल रिंगणात राहिलं आणि तो भाग व्हेरायझन या मोबाइल कंपनीने ४.७४ अब्जांना नेला. गूगलची तिजोरी शाबूत राहिली, अटी मात्र व्हेरायझनच्या गळ्यात पडल्या. याला मी तरी हार म्हणणार नाही.

दरम्यान ५ नोव्हेंबर २००७ ला गूगलने मौन सोडलं, तेव्हा फोन नव्हताच! होती ३४ कंपन्यांची युती आणि लिनक्सच्या गाभ्यावर उभी असलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी कार्यप्रणाली. अनेकांचा विरस झाला.

या प्रणालीचा पहिला फोन, ‘जी१’, ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. बनवला होता तैवानच्या एचटीसीने आणि विकत होती टी-मोबाइल. गडी तसा ओबडधोबडच. पडद्यावर कीबोर्ड नव्हता. एक शब्द लिहायचा तरी फोन आडवा धरून पडदा सरकवायचा आणि खालची बटणं दाबायची. साधा हेडफोनही जोडणीचा तुकडा लावल्याशिवाय बसत नसे. आयफोनशेजारी तो गबाळाच दिसायचा.

पण त्यातलं सॉफ्टवेअर सॅमसंग, मोटोरोला, सोनी अशा कुणालाही उचलता येत होतं, आणि त्यांनी ते उचललं. गूगलचा स्वतःचा ‘पिक्सेल’ फोन २०१६ मध्ये येईपर्यंत जगातले बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवरच चालू लागले होते.