मोटारींचें बिनतारी संभाषण

चौकांतील इमारत किंवा पुढें चाललेली अवजड मालमोटार आड आली, कीं पलीकडून येणारी गाडी चालकास दिसत नाहीं. आणि ती दिसते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. डोळ्यांची ही उणीव बिनतारी लहरींनीं भरून काढतां येते. अशी सोय असलेली प्रत्येक गाडी आपलें स्थान, वेग व दिशा सेकंदास सुमारें १० वेळां प्रक्षेपित करते, आणि सुमारें ३०० मीटरांच्या टापूंतील इतर गाड्या तो संदेश ग्रहण करून आपापल्या चालकांस सावध करतात.

या कार्यासाठीं अमेरिकेनें १९९९ सालीं ७५ मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा राखून ठेविला. २०१२ सालीं मिशिगन संस्थानांतील अ‍ॅन आर्बर येथें सुमारें ३,००० गाड्यांवर मोठा प्रयोगहि सुरू झाला. गाड्या परस्परांशीं बोलूं शकतात, हें त्यांतून दिसून आलें.

मग अडलें कोठें? ज्याच्या भोंवतीं ऐकणारें कोणीच नाहीं, त्याचें बोलणें व्यर्थ होय. पहिल्या ग्राहकास या यंत्रापासून फारसा लाभ नाहीं. म्हणून पहिला होण्यास कोणीच पुढें येत नाहीं. नव्या मोटारींस हें यंत्र सक्तीचें करण्याचा प्रस्ताव तेथील सरकारनें २०१६ च्या अखेरीस मांडला. परंतु २०२३ सालीं तो मागें घेण्यांत आला. मध्यंतरीं, २०२० सालीं, राखीव पट्ट्यांतील ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या उपयोगांकडे वळविण्याचें ठरलें, व वाहनांच्या वांट्यास अवघे ३० उरले.

रस्ता जसा सर्वांचा, तशी त्यावरील सुरक्षितताहि सर्वांनीं मिळूनच संपादावी लागते.