सभेआधीचा फोन

लेखमाला : हातातले तंत्रज्ञान

ऑगस्ट जवळ आला की खारघर स्टेशनच्या आणि उत्सव चौकाच्या आसपासच्या मोबाइल दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘जिओचा नवा फोन येतोय म्हणे, थांबू का?’ विचारणारा बहुधा घरातला पहिला स्मार्टफोन घेणारा असतो, किंवा लेकीच्या कॉलेजसाठी बजेट जुळवणारा बाप. त्याच्या दृष्टीने ही अफवा म्हणजे पाच-सहा हजारांचा निर्णय असतो. म्हणून या आठवड्यात अजून न आलेल्या वस्तूंबद्दलच्या बातम्या कशा तयार होतात आणि त्यांतल्या कोणत्या धरायच्या, ते पाहू.

खारघरहून पनवेल–ठाणे लोकल पकडली की थेट घणसोलीला उतरता येते. जिओचा मोठा कारभार तिथल्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून चालतो. पण नव्या वस्तू दिसतात त्या रिलायन्सच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. २०१६ साली जिओची घोषणा याच सभेत झाली, २०१७ मध्ये जिओफोन इथेच दिसला आणि २०२० मध्ये जिओ ग्लास हा चष्माही. गेल्या काही वर्षांत सभेचा काळही ठरून गेला आहे : २०२२ ते २०२५ या चारही वर्षी ती २८ किंवा २९ ऑगस्टला झाली.

कंपनी कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते आणि भागधारकांना किमान २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्या सूचनेत हिशेब, लाभांश, संचालकांच्या नेमणुका असे विषय असतात. फोनचा किंवा चष्म्याचा विषय त्यात नसतो, कारण त्यावर कोणी मतदान करणार नसते. वस्तू येतात त्या अध्यक्षांच्या भाषणात, आणि भाषणाची कार्यक्रमपत्रिका आधी कोणालाच मिळत नाही. तारीख पक्की आणि मजकूर गुप्त, अशा त्या तीन आठवड्यांत अंदाजांना ऊत येतो.

सगळे अंदाज मात्र हवेतले नसतात. भारतात फोन किंवा लॅपटॉप विकायचा तर भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, सक्तीची नोंदणी लागते. कारखाना, ब्रँड, मॉडेल क्रमांक हे सारे तिथे नोंदवले जाते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. जिओबुक हा लॅपटॉप असाच आधी कळला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची मॉडेले बीआयएसच्या यादीत दिसली. तो सर्वसामान्यांसाठी विक्रीला आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, १५,७९९ रुपयांना. म्हणजे बातमी खरी होती, पण वस्तू हाती यायला वर्ष उलटून गेले. सरकारी यादीतली नोंद ‘अशी वस्तू तयार होते आहे’ एवढेच सांगते. किंमत, तारीख किंवा बॅटरी किती टिकेल, यांतले काहीच ती सांगत नाही.

आणि गफलत होते ती नेमकी किमतीत. २०१७ च्या सभेआधी जिओचा साधा फोरजी फोन पाचशे रुपयांना मिळेल, अशी चर्चा होती. २१ जुलैच्या सभेत ‘प्रत्यक्षात किंमत शून्य’ असे जाहीर झाले, तेव्हा अंदाज करणारेही मागे पडले. पण ते शून्य म्हणजे १५०० रुपयांची अनामत होती, तीन वर्षांनी परत मिळणारी, आणि पुढे आलेल्या अटींत वर्षाला किमान १५०० रुपयांचे रिचार्जही होते. व्हॉट्सअॅप त्यावर आले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. जिओफोनने लाखो साध्या घरांत इंटरनेट नेले, हे मी मनापासून मानतो. तरीही सभेतले वाक्य आणि अटींचा कागद ही दोन्ही वाचल्याशिवाय कुठल्याही फोनची किंमत कळत नाही.

जिओफोन नेक्स्टची गोष्ट तर घरोघरच्या नियोजनाला धडकली. गूगलसोबत बनवलेला हा स्मार्टफोन २४ जून २०२१ च्या सभेत जाहीर झाला. १० सप्टेंबरला, गणेश चतुर्थीला, तो मिळणार होता. साडेतीन हजारांच्या आसपास किंमत असेल, असे आकडे फिरत होते. चतुर्थीच्या तोंडावर चिपच्या जागतिक टंचाईमुळे तो दिवाळीपर्यंत पुढे गेला आणि नोव्हेंबरमध्ये ६,४९९ रुपयांना आला. हप्त्यांची सोय होती. पण साडेतीन हजार बाजूला काढून गणपतीपर्यंत थांबलेल्या घराचा हिशेब पार कोलमडला. मला यात खटकते ते एवढेच की, किमतीचा तो आकडा पसरवणाऱ्याला कसलीच झळ बसली नाही.

काही अंदाजांचे तर पुढे काहीच होत नाही. गूगलसोबत अतिशय परवडणारा फाइव्हजी फोन बनवतो आहोत, असे कंपनीनेच ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले. पुढच्या सभेआधी त्याची छायाचित्रेही फिरली. २०२३ च्या सभेत मात्र त्याऐवजी एअरफायबर या घरगुती इंटरनेटच्या उपकरणाची तारीख मिळाली : १९ सप्टेंबर, पुन्हा गणेश चतुर्थी. ती तारीख पाळली गेली, पण तेही उपकरण पहिल्यांदा जाहीर झाले होते आदल्या वर्षीच्या सभेत.

कंपनी अफवेवर बोलत का नाही, असे वाचक विचारतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार जून २०२४ पासून सर्वांत मोठ्या १०० सूचीबद्ध कंपन्यांना आणि डिसेंबर २०२४ पासून २५० कंपन्यांना अफवांबाबत खुलासा करावा लागतो. मात्र अफवा मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत आली असेल आणि तिच्यामुळे शेअरचा भाव लक्षणीय हलला असेल, तरच. मग २४ तासांत दुजोरा, इन्कार किंवा स्पष्टीकरण द्यायचे. एखाद्या स्वस्त फोनच्या चर्चेने एवढ्या मोठ्या कंपनीचा भाव सहसा हलत नाही. त्यामुळे गुंतवणूकदाराला जे संरक्षण आहे, ते फोन घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही.

तेव्हा येत्या ऑगस्टमध्ये असे करा. बातमीत मॉडेल क्रमांक आणि बीआयएसची नोंद असेल, तर वस्तू येते आहे असे धरा. नुसता किमतीचा आकडा असेल, तर तो बाजूला ठेवा. सभेत घोषणा झाली तरी विक्रीची तारीख आणि अटी छापून येईपर्यंत पैसे अडवून ठेवू नका. हातातला फोन नीट चालत असेल तर खुशाल थांबा. पण मुलीचे कॉलेज जुलैत सुरू होत असेल, तर आज दुकानात आहे तोच फोन घ्या, आणि घेताना त्याचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासून घ्या.