फोर्कलिफ्ट कलंडली तर उडी मारू नका

आम्ही कापडवाले गाठी उचलायला फोर्कलिफ्ट वापरतो. शिरोली, गोकुळ शिरगावकडे गोदामाचे बांधकाम काढले, की विटा-सिमेंटलाही तीच लावतो. पण गोदामाची फरशी सपाट, बांधकामाची जमीन भुसभुशीत. ओझे उंच ठेवून वळले की तोल जातो. चालक घाबरून उडी मारतो आणि यंत्राच्या लोखंडी छपराखाली चिरडला जातो.

बसून चालवायच्या यंत्रात पट्टा बांधलेला असावा. यंत्र कलंडलेच तर स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत, पडण्याच्या उलट बाजूस झुकावे. ओझे जमिनीलगत ठेवूनच चालावे.

कामावरील अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने 1924 पासून मालकावर आहे. पण गेलेला माणूस भरपाईने परतत नाही. भाडे ठरवताना आम्ही घासाघीस करतो, पट्टा मात्र पाहत नाही. तो आधी पाहावा.