नागपुरात बसून समुद्र मोजताना

नागपूरहून समुद्र गाठायचा तर पूर्वेला जा की पश्चिमेला, एक रात्र प्रवासात जाणार हे ठरलेलं. शहराला मोठं पाणी म्हणून मिरवायला अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा एवढेच तलाव. तरीही मुंबईच्या किनाऱ्यावरचं कांदळवन नेमकं कुठे संपतं, मालाडच्या खाडीत सोडलेल्या सांडपाण्याचं पुढे काय होतं, असल्या प्रश्नांना भिडलेल्या दोन संस्था याच शहरातल्या. एक महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक. दुसरी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘नीरी’.

समुद्रावर नजर ठेवायला समुद्राशेजारीच बिऱ्हाड करावं लागतं असं नाही. मात्र मोजमाप कुठे घेतलं, कधी घेतलं आणि कसं घेतलं, ही तीन उत्तरं प्रत्येक आकड्यासोबत यावी लागतात. ती नसतील तर आकडा दशांश चिन्हापुढे कितीही लांबवा, त्याचा उपयोग शून्य.

एमआरसॅकचं उदाहरण घेऊ. मुंबईतल्या तिवरांवर भराव टाकून जमीन तयार करण्याचा धंदा जोरात असताना ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: कांदळवनाची तोड थांबवा, त्याच्या भोवती ५० मीटरच्या आत बांधकाम नको, आणि कांदळवन कुठे कुठे आहे त्याचे नकाशे उपग्रह चित्रांवरून तयार करा. मुंबई आणि नवी मुंबईपासून सुरू झालेलं नकाशांचं हे काम एमआरसॅककडे आलं.

उपग्रहाच्या चित्रात झाडं ओळखणं त्यामानाने सोपं. हिरवं पान अवरक्त किरण जोरात परतवतं आणि चित्रात या किरणांना लाल रंग दिलेला असतो, त्यामुळे दाट झाडी लालभडक दिसते. तिवरांच्या बुडाशी ओला चिखल असल्याने त्यांचा लाल रंग जरा काळपट उतरतो. खरी कसरत पुढे. चित्र भरतीच्या वेळचं असेल तर बुटकी झुडपं नि चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेलेले असतात, म्हणून ओहोटीचं चित्र शोधावं लागतं. मग तो लाल पट्टा गाव नकाशावर बसवायचा, कारण महसूल खात्याला आणि न्यायालयाला अक्षांश-रेखांशाशी देणंघेणं नसतं. त्यांना सर्व्हे नंबर हवा असतो. जुना गाव नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर काटेकोर बसत नाहीत, आणि थोडासा फरकही ५० मीटरच्या नियमात कुणाची तरी जमीन आत किंवा बाहेर टाकतो. म्हणून जीपीएस घेऊन चिखलात उतरणं टळत नाही.

याच प्रकरणाचा अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदलं आहे.

नीरीची वाट वेगळी. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून नागपुरात सुरू झाली, तेव्हा विषय होता पिण्याचं पाणी आणि मैला. १९७४ मध्ये नाव बदललं, आवाका वाढला. पण मुंबईसारख्या शहराचा मैला शेवटी समुद्रातच जातो, त्यामुळे सांडपाण्याचा माग काढत निघालेला शास्त्रज्ञ आपोआप खाडीच्या तोंडाशी पोहोचतो. वरळी आणि वांद्रे इथून सांडपाण्याच्या वाहिन्या तीन किलोमीटरहून जास्त आत समुद्रात नेल्या आहेत. मालाडला मात्र ते पाणी खाडीतच सोडलं जात होतं. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी या खाडीतल्या भरती-ओहोटीचं गणिती प्रारूप मांडून २०१० मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. उथळ खाडीची अडचण अशी, की ओहोटीबरोबर बाहेर निघालेली घाण पुरती दूर जाण्याआधीच पुढची भरती तिला परत आत घेऊन येते.

असं प्रारूप तपासायचं तर खाडीतलं खरं पाणी लागतं, आणि ते गोळा करणं म्हणजे नुसती बादली बुडवणं नव्हे. विरघळलेल्या ऑक्सिजनचंच पाहा. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. मग बोटीवरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. घाण खाडीतली बाटली त्यामुळे डोळ्यांनीच ओळखू येते. पुढे प्रयोगशाळेत आम्लाने साका विरघळवून, स्टार्चने निळं केलेलं द्रावण रंग उडेपर्यंत थेंबाथेंबाने थायोसल्फेट सोडून मोजतात. अंघोळीयोग्य समुद्राला लिटरमागे ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले जिवाणू १०० च्या आत हवेत, असा आपल्याकडचा निकष आहे.

जिवाणू तर थांबायलाच तयार नसतात. निर्जंतुक बाटली बर्फात ठेवूनही काही तासांत तपासणी सुरू व्हावी लागते. नागपूरला पोहोचेपर्यंत त्या पाण्यात वेगळीच लोकसंख्या झालेली असेल. अशा कामाला नीरीचं वरळीतलं केंद्र असतं. जैविक ऑक्सिजन मागणीची चाचणीही हवामान पाहून बेतलेली: युरोपात नमुना २० अंशांवर ५ दिवस ठेवतात, आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस. दोन्हीकडचे आकडे डोळे झाकून शेजारी मांडले, तर तुलना फसलीच.

त्यातून मुंबईचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. उधाणाच्या भरतीला घेतलेला नमुना आणि भांगाच्या ओहोटीला घेतलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, आणि तोही प्रदूषण तसूभर न बदलता. नोंदवहीत भरतीची वेळ लिहायची राहिली, तर दोन्ही आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा निघतो.

हे झालं काही तासांचं गणित. काही प्रश्नांना माणसाचं आयुष्यही पुरत नाही. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राची पातळी १८७८ पासून नोंदली जाते आहे. हिंदी महासागराच्या काठावर इतकी जुनी नोंद क्वचितच सापडेल. ही आणि अशाच इतर बंदरांची आकडेवारी तपासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडलं, की उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढत आली आहे. एका दिवसात काही मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यातून सव्वा मिलिमीटर वेचून काढायचा, तर पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी पट्टी न हलवता वाचत राहिलेलं असावं लागतं.

गोव्यात दोना पावला इथे असलेली ही समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, ती १९६० ते ६५ दरम्यानच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून. तेव्हा जहाज न्यायचं, दोर सोडायचा, नमुना वर ओढायचा. आता जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगते यांत्रिक दंडगोल सोडलेले आहेत. ते हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहाला माहिती देऊन पुन्हा खाली जातात. भारताच्या वाट्याचं हे काम हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती केंद्र पाहतं. तेही शहर समुद्रापासून लांबच. कोळ्यांना मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, हे पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून सांगणारी सूचना तिथूनच निघते.

यंत्रं आली तरी साधा बिल्ला अजून बाद झालेला नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या पंखाला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, हा समज त्या एका क्रमांकाने हलला. २०२२ पासून कोकणातल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली गेली. त्यांतली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेल्याचंही दिसलं. पण यंत्र काही महिन्यांत गप्प होतं. बिल्ल्याने चार वर्षं वाट पाहिली, आणि ओडिशात कुणीतरी तो क्रमांक नीट लिहून ठेवला होता.

नोंदींमधलं सर्वांत मोठं भगदाड पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, छोट्या बोटी बंद, आकाश ढगाळ. उपग्रहाच्या कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही, मासेमारीच्या सूचनाही थांबतात. किनाऱ्यावरून आणि खाडीकाठावरून प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेत राहतं, पण आतल्या पाण्याचे बरेच अभ्यास पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन फेऱ्यांवर उभे असतात. नेमक्या याच चार महिन्यांत नद्या वर्षभराचा गाळ आणि घाण समुद्रात ओततात. त्यात नागपूरचाही वाटा आहे: नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि प्राणहिता-गोदावरीमार्गे ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. कोची आणि विशाखापट्टणमजवळ इन्कॉइसने पाण्याची प्रत सतत मोजणाऱ्या यंत्रणा नांगरून ठेवल्या आहेत, त्या बोटीची वाट पाहत नाहीत. पावसाळ्याचा रकाना भरायचा तर अशी यंत्रं नद्यांच्या मुखांशी लागतील; आणि शेवाळ, शिंपले त्यांच्या संवेदकांवर चढत राहणार, म्हणून ती पुसायला, तपासायला वर्षानुवर्षं पगारावर माणसंही लागतील.