एक रुपयाचं तिकीट

देवळ्यात कांद्याचे पैसे रोख मिळायचे, तेव्हा नोटा मोजण्याआधी एक काम असायचं. व्हाउचरवर रेव्हेन्यू तिकीट लावायचं. जिभेवरून फिरवायचं, अंगठ्याने दाबायचं आणि वरून सही ठोकायची, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. नोटा जपून बंडीच्या आतल्या खिशात जायच्या. तिकिटाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नसे. खरं तर दोघांचं माहेर एकच, नाशिकरोड. भावडबारी उतरून सोग्रसला आग्रा रोड धरला की दीडेक तासाचा रस्ता.

हिंदुस्थानची टपाल तिकिटं 1855 पासून लंडनच्या डे ला रू कंपनीकडून बोटीने यायची. 1926 पासून ती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. 1928 पासून नोटाही तिथे निघू लागल्या, आणि फाळणीनंतर काही काळ 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा छाप मारलेल्या नोटासुद्धा! शेजाऱ्याचं भांडवल आपल्या नाशिकच्या शाईत.

1952 साली कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटं आली. फोटोग्रॅव्हर पद्धतीने इथे छापलेली ती पहिलीच. या पद्धतीत तांब्याच्या रुळावर डोळ्याला न दिसणारे खळगे कोरलेले असतात. खोल खळग्यात शाई जास्त, उथळ खळग्यात कमी. रूळ शाईत फिरतो, धारदार पातं वरची शाई निपटून काढतं आणि खळग्यांत उरलेली शाई कागद ओढून घेतो. कबीराच्या चेहऱ्यावरची सावली म्हणजे खळग्यांच्या खोलीतला फरक.

पण मला तिकिटाची खरी करामत वाटते ती भोकांत. 1854 ची तिकिटं बिनभोकांची होती, पोस्टमास्तर कात्रीने कापून द्यायचा. पुढे सुयांचा कंगवा आला. एका ठोक्यात तिकिटाच्या तीन बाजूंना भोकं पाडायची, कागद पुढे सरकवायचा, की पुढच्या ठोक्याला आधीच्या तिकिटाची चौथी बाजू आपोआप पुरी होते. भोकं फार जवळ पाडली तर शीट हातातच सुटतं, फार लांब पाडली तर तिकीट फाटतं. दोन्हींच्या मधला अंदाज यंत्राला शिकवावा लागतो.

आणि एवढं करून वस्तू अजून अर्धवटच. मुद्रांक कायदा 1899 चा आहे. आज पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं, पण चिकटवून भागत नाही, ते रद्द करावं लागतं. पुन्हा वापरता येईल असं कोरं राहिलं तर कायद्याच्या लेखी कागदाला तिकीटच नाही. मी एकदा सही नेटकी यावी म्हणून तिकिटाच्या खाली, मोकळ्या जागेत केली होती. समोरच्या कारकुनाने व्हाउचर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "भाऊ, जरा खराब करा ना ते."